रंगाच्या आधीचे काम

(देवाच्या वाड्याच्या रंगकामाचा विचार करण्यासाठी कोजागिरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी श्रीभैरवनाथ मंदिराच्या सभामंडपात भरलेल्या ग्रामस्थ व देणगीदार यांच्या बैठकीत केलेले भाषण.)



मी तालुका कचेरीतील एक साधा कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत झालेले. चार लोकांपुढे उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही; माझा सराव आवक-जावक बारनिशीचा. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झाले तर लेकरू समजून पदरात घ्यावे, ही पहिली विनंती.

नाथांच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने शिखराचे काम पुरे होत आले आहे. मार्गशीर्षात कलशारोहण आहे. देऊळ उजळले, आता शेजारचा देवाचा वाडा तेवढा मळका दिसतो, म्हणून त्यालाही रंग द्यावा असे सर्वांच्या मनात आले. विचार अगदी योग्य आहे. त्याप्रमाणे आपल्या एका उदार देणगीदारांनी तेलरंगाचे वीस डबे पाठवूनही दिले. ते आज भांडारगृहात रचून ठेवलेले आहेत. ठेकेदार म्हणतो, आठ दिवसांत वाडा आरशासारखा करून देतो. सगळे जमून आले आहे, आणि अशा वेळी उभे राहून मी म्हणणार आहे की, मंडळी, थोडे थांबा. हे बोलणे कोणाला रुचणार नाही याची मला जाणीव आहे. पण जे माझ्या घरात घडले ते सांगितले नाही, तर नाथांच्या पायरीशी बसण्याचा मला अधिकार राहणार नाही.

२०१४ साली माझ्या धाकट्या भावाचे लग्न ठरले. आमच्या आळीतील घर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पणजोबांच्या वेळचे, दगडी जोत्याचे, जाड भिंतींचे. दर्शनी भिंतीचे पोपडे निघाले होते. दारात मांडव पडणार, व्याही येणार, म्हणून मी मनावर घेतले. दिवाळी नुकतीच झाली होती, भिंती अजून पावसाळ्याच्या ओलीने थंडगार होत्या. आई म्हणाली, "अरे, जरा वाळू दे भिंत. अजून हाताला गार लागतीय." मी म्हणालो, "आई, डब्यावर वॉटरप्रूफ असं लिहिलंय." आई पुढे काही बोलली नाही. मुलगा कचेरीत नोकरीला, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते, असे त्या माउलीला वाटले असावे. मी जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा ओढला आणि त्यावर चकचकीत तेलरंगाचे दोन हात दिले. लग्नात घराची फार वाखाणणी झाली.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी रंगाला पुरीएवढे फोड आले. फोडावर बोट दाबले की आतून पाणी येई. मी ते फोड खरवडले आणि त्यावर आणखी एक हात मारला. त्याच सुमारास आतल्या बाजूच्या भिंतीला कमरेइतका लोणा चढू लागला. तो कुठून येतो हे मला कळेना. पुढे २०१९ चा ऑगस्ट आला. त्या वर्षी कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला हे आपल्याला आठवत असेल. आपल्याकडे पूर नव्हता, पण पावसाने उघडीप दिली नाही. एका रात्री दोनच्या सुमारास आमची ती रंगवलेली भिंत ओसरीवर कोसळली. त्याच ओसरीवर, त्याच भिंतीशी आईची बाज असे. गुडघे धरले म्हणून त्या संध्याकाळी ती माजघरात निजायला गेली होती. बाजेचे तुकडे झाले होते. आई वाचली ती नाथांमुळे; माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

सकाळी ढिगारा उपसताना आपल्या गावचे वयोवृद्ध गवंडीमामा आले. सिमेंटचा गिलावा आणि रंग यांचे मोठमोठे पापुद्रे जसेच्या तसे पडले होते. त्यांना काही झाले नव्हते. आतली माती मात्र काल्यासारखी झाली होती, आणि तुळईचे भिंतीतले टोक इतके कुजले होते की त्यात बोट जात होते. मामांनी ते पाहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, भिंत पावसानं न्हाई पडली. तिला घाम आला व्हता, आन् तुमी तिला रेनकोट घातला."

मंडळी, मी जे पुढे सांगणार आहे ते सगळे या एका वाक्यात आहे. ते मला त्या दिवशी नीट उमगले नव्हते. पुढे मामांच्या बरोबर चार ठिकाणची कामे पाहिली, जाणकारांना विचारले, मिळाले ते वाचले, आणि मग उमगले.

आपल्या देवाच्या वाड्याची भिंत कशी आहे ते पाहू. खाली काळ्या घडीव दगडाचे जोते. त्यावर चुन्यात बांधलेल्या भाजक्या विटा. भिंतीच्या पोटात मातीचा गाभा. वरून चुन्याचा गिलावा. अशा भिंतीत सिमेंटचा कण नाही, आणि असणार तरी कसा? पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली निघाले, आणि आपल्या देशात पोरबंदरचा कारखाना सुरू झाला तो १९१४ साली. आपला वाडा त्याच्या आधीचा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पेशवाईतला तो वाडा दगड, वीट, लाकूड आणि चुना यांवरच आजवर उभा आहे. तेव्हा जुने बांधकाम कच्चे आणि नवे तेवढे पक्के, हा आपला समज बरोबर नाही. जुने बांधकाम निराळ्या रीतीचे आहे, इतकेच.

ती रीत अशी. अशा भिंतीत थोडेफार पाणी नेहमीच असते. जमिनीतून ओल वर चढते, पावसाची झड बाहेरून आत मुरते. चुन्याच्या गिलाव्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. ऊन पडले, वारा सुटला की आतले पाणी वाफ होऊन या छिद्रांतून निघून जाते. भिंत ओली होते आणि वाळते; पुन्हा ओली होते, पुन्हा वाळते. असे तिने शंभर-दीडशे पावसाळे काढले. आता तिच्यावर सिमेंट किंवा तेलरंग चढवला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. आत यायची वाट मात्र बंद होत नाही, कारण ते जमिनीतून येते, कौलाच्या फटीतून येते, रंगाला गेलेल्या बारीक तड्यातून येते. मग ते पाणी आतल्या आत राहते, माती मऊ करते, लाकूड कुजवते. बाहेरून भिंत चकचकीत दिसत असते. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात, तो प्रकार.

चुन्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातला कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसून उकळतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे भिंतीवर आपण चुना लावतो तेव्हा एक प्रकारे दगडाचेच पातळ पांघरूण घालतो. पण "हळूहळू" हा शब्द लक्षात ठेवावा. चुन्याला घाई चालत नाही. आठ दिवसांच्या ठेक्यात चुना बसत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कचेरीत साहेबांची सही शेवटी होते. त्याआधी अर्ज पाहायचा, कागद जोडायचे, त्रुटी काढायची, टिपणी लिहायची, मग प्रकरण सहीला ठेवायचे. कागद अपुरे असताना सही झाली तर ते प्रकरण पुढे कोणाच्या तरी अंगावर येते. रंग ही सही आहे. आधी प्रकरण तयार झाले पाहिजे. ते कसे तयार करावे, हे मला समजले तसे क्रमाने सांगतो.

पहिले काम पाण्याचे. रंगाचा विचार करण्याआधी वाड्यात पाणी कुठून शिरते ते पाहावे. मी परवा गुरवांच्या मुलाला घेऊन वर चढलो होतो. उत्तरेकडची नऊ कौले फुटलेली आहेत. पश्चिमेची पन्हाळ पानांनी तुंबली आहे आणि तिचे पाणी नेमके भिंतीवर उतरते. जोत्यापाशी गेल्या काही वर्षांत मुरूम टाकून टाकून जमीन इतकी वर आली आहे की दगडाची खालची रांग झाकली गेली. ती माती काढून जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला पाहिजे. ही तीन कामे झाल्याशिवाय लावलेला रंग म्हणजे गळक्या घागरीला कल्हई. तटाच्या कोपऱ्यात पिंपळ उगवला आहे, तो ओढून उपटू नये. मुळाबरोबर दगड निघून येतात. वरून कापावा, मूळ मारावे, आणि वाळल्यावर फट चुन्याने भरावी.

दुसरे काम वाळवण्याचे. पाऊस आत्ताच सरला आहे. भिंत वाळली की नाही हे हात लावून कळते, पण खात्री करायची तर एक सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमले असेल तर भिंत अजून पाणी सोडते आहे. मी रविवारी असा कागद अंगणवाडीच्या खोलीबाहेर लावला होता. सोमवारी त्याच्या आत बोटाने रेघ ओढता येईल इतके पाणी होते. ज्यांना माझ्या बोलण्याची शंका येईल त्यांनी घरी जाताना स्वतः पाहावे. कागद अजून तिथेच आहे.

तिसरे काम तपासणीचे. लाकडी मोगरीने किंवा बोटाच्या पेराने गिलावा ठोकत जावे. घट्ट असेल तिथे भरीव आवाज येतो, सुटला असेल तिथे रिकाम्या डेऱ्यासारखा येतो. पोकळ जागेला खडूने खूण करावी. तेवढीच काढावी, चांगला गिलावा उगाच पाडू नये. तडे गेले आहेत तेही पाहावेत. पूर्वेच्या भिंतीचा मोठा तडा कोयनेच्या भूकंपाचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, असे आमचे आजोबा सांगत. तो जुना तडा असेल तर भरता येईल. पण अजून वाढत असेल तर नुसता भरून उपयोग नाही. म्हणून तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना चुन्याने चिकटवावी आणि वर तारीख लिहावी. काही महिन्यांत काच तडकली तर भिंत हलते आहे, आधी पाया पाहावा. नाही तडकली तर तडा झोपलेला आहे असे समजावे.

चौथे काम जुना रंग काढण्याचे, आणि येथे माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. आमच्या लहानपणी ओसरीच्या बाजूला हिरवा तेलरंग दिला होता, तो अजून आहे. त्या काळच्या तेलरंगांत शिसे असण्याचा फार संभव असतो. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत जास्त बाधते. आता कायद्याने घरगुती रंगात शिशाला मर्यादा घातली आहे; २०१६ च्या नियमांप्रमाणे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे चालत नाही, आणि हे नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. पण आपला हिरवा रंग त्याच्या फार आधीचा. तो कोरडा घासला तर त्याची धूळ होणार, आणि त्याच ओसरीवर आपली अंगणवाडीची मुले बसून खिचडी खातात. म्हणून तो रंग पाणी मारून, ओला ठेवून, पत्र्याने हळूहळू खरवडावा. खाली ताडपत्री अंथरावी. निघालेले पापुद्रे गोळा करून पोत्यात बांधावेत, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ टाकू नयेत. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढू नये. त्याच्या धुरातही शिसे असते, शिवाय वर जुने सागवान आहे. काम करणाऱ्यांनी तोंडाला चांगला मुखवटा बांधावा, नुसता पंचा पुरणार नाही. आणि ते काम चालेल तितके दिवस अंगणवाडी शाळेच्या व्हरांड्यात भरवावी. मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे, त्यांची संमती आहे.

हिरवा रंग तसाच ठेवून वरून चुना दिला तर चालेल का, असे काहींनी विचारले. चालणार नाही. चुना तेलरंगाला धरत नाही, पहिल्या उन्हातच पापुद्रे सुटतात. तेलरंग काढण्यासाठी अॅसिडही वापरू नये. अॅसिड चुना खाते. रंगाबरोबर गिलावाही जाईल. वाळूचा किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारणारे यंत्र ठेकेदार आणतो म्हणाला आहे, तेही नको. विटेची भाजलेली कातडी एकदा सोलली गेली की आतली वीट मऊ असते, ती पाणी पिऊ लागते.

पाचवे काम लोण्याचे. लोणा म्हणजे भिंतीत मुरलेले क्षार. पाणी बाहेर येताना ते बरोबर आणते, पाणी उडून जाते आणि पांढरे पीठ मागे राहते. ते पाण्याने धुऊ नये. धुतले की विरघळून परत आत जाते. कोरड्या कुंच्याने झाडावे, खाली सुपात धरावे आणि लांब नेऊन टाकावे. जिथे फार धरला आहे तिथे कागदाचा भिजवलेला लगदा स्वच्छ पाण्यात कालवून भिंतीला थापावा आणि पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो क्षार ओढून घेतो. मग तो लगदा काढून टाकावा. असे दोन-तीन वेळा करावे लागते.

सहावे काम डागडुजीचे. जिथे गिलावा काढला तिथे चुन्याचाच गिलावा करावा, सिमेंटचे ठिगळ लावू नये. मऊ कापडाला कातड्याचे ठिगळ लावले तर ठिगळाच्या कडेने कापड फाटते, तसेच हे आहे. एक भाग चुना आणि तीन भाग स्वच्छ चाळलेली वाळू. जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचे पाणी घालत. मामांना त्याचे माप ठाऊक आहे, ते त्यांच्याकडून आताच लिहून घ्यावे असे मला वाटते, कारण त्यांच्यामागे ते सांगणारा गावात कोणी नाही. भिंत आधी पाण्याने भिजवावी, एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर देऊ नये, आणि वर ओले गोणपाट टांगून तो सावकाश वाळू द्यावा. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे पाहिजेतच.

सातवे काम लाकडाचे. खांब, तुळया आणि दिंडी दरवाजा यांवर तेलरंग नको. जुना रंग वरील रीतीनेच काढून, लाकूड पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात. काडी ओढावी लागत नाही. त्या रोज संध्याकाळी पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. घडीव दगडाच्या जोत्याला मात्र काहीच लावू नये. तो नाथांनी दिलेलाच रंग आहे.

एवढे झाल्यावर रंगाची पाळी येते. विरलेला चुना गाळून दुधासारखा पातळ करायचा, त्यात आपल्या पूर्वजांच्या पसंतीची पिवडी किंवा काव मिसळायची, भिंत किंचित ओलसर करून कुंच्याने हात द्यायचा. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. आधी मागच्या कोपऱ्यात हातभर नमुना करून पाहावा आणि सर्वांच्या पसंतीने पुढे जावे.

आता यावरचे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला असा, की चुना टिकत नाही, दोन-चार वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. अगदी खरे आहे. पण तो देण्यासाठी खरवडावे लागत नाही, झाडून वरून एक हात देता येतो. पूर्वी यात्रेआधी आळीआळीतून माणसे येऊन वाड्याला चुना लावत. तो एका दिवसाचा उत्सवच असे, आणि त्या निमित्ताने वर्षातून एकदा भिंतीकडे कोणाचे तरी लक्ष जाई. तेलरंग आला आणि भिंतीकडे पाहण्याची गरजच उरली नाही. माझ्या घराचे तेच झाले.

दुसरा आक्षेप खर्चाचा. येथे मी स्पष्ट बोलतो. रुपयातले बारा आणे तयारीत जातील आणि चार आणे रंगात. आणि ते बारा आणे नंतर दिसणार नाहीत. बदललेली कौले, मोकळी पन्हाळ, खरवडलेला रंग, भरलेला तडा, यांचा फोटो कोणी काढत नाही. देणगीदारांच्या दृष्टीने हे अवघड आहे, हे मला समजते. आपण घाम गाळून मिळवलेले पैसे दिले, त्याचे काही डोळ्यांना दिसावे असे वाटण्यात काही गैर नाही. म्हणून माझी समितीला सूचना आहे की, संगमरवरी फलकावर "रंगकामास देणगी" असे न लिहिता "वाड्याच्या दुरुस्तीस देणगी" असे लिहावे, आणि या स्मरणिकेत प्रत्येक कामापुढे देणाऱ्याचे नाव छापावे. नऊ कौले कोणी दिली तेही छापावे.

ते वीस डबे परत करण्याची किंवा देणाऱ्यांचे मन मोडण्याची काही गरज नाही. तेलरंग वाईट नाही. तो जुन्या भिंतीसाठी नाही, एवढेच. लोखंडाला तो उत्तम. भक्तनिवासाच्या पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कैच्या, पाण्याच्या टाकीचा जिना, शाळेच्या खिडक्यांचे गज, स्मशानभूमीच्या शेडचे खांब, हे सगळे गंजून चालले आहे. गंज काढून, आधी अस्तराचा हात देऊन हे रंगवले तर वीस डबे पुरायचे नाहीत. देणगीदार बंधू समोर बसले आहेत. त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या रंगाने सारा गाव उजळेल, आणि वाडाही वाचेल.

तिसरा आक्षेप मुहूर्ताचा. कलशारोहणाला पाहुणे येतील, वाडा मळका दिसेल. होय, दिसेल. परांची बांधलेली दिसेल, खरवडलेल्या भिंती दिसतील. आपण पाहुण्यांना सांगू की काम चालू आहे. वाड्याला दर्शनी बाजूने आंब्याची तोरणे बांधू. कार्तिकात कौले, पन्हाळ आणि जमिनीचा उतार, मार्गशीर्षात भिंत वाळणे आणि रंग खरवडणे, पौषात लोणा काढणे आणि गिलावा, माघात लाकूडकाम, फाल्गुनात चुन्याचे हात. चैत्रातल्या यात्रेला नाथांची पालखी वाड्यासमोर येईल तेव्हा वाडा तयार असेल. कलशारोहण चुकेल, पण यात्रा चुकणार नाही.

एक कायद्याची बाबही सांगून ठेवतो. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. संरक्षित वास्तूवर परवानगीवाचून काही करता येत नाही. आपला वाडा संरक्षित यादीत नाही, हे मी पाहून घेतले आहे. म्हणजे त्याची राखण करणारे सरकार नाही, आपणच आहोत. काम सुरू करण्यापूर्वी चारी बाजूंचे फोटो तारखेसह काढून समितीच्या दप्तरी ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला काय होते आणि काय केले ते कळेल.

मंडळी, फार बोललो. त्या वाड्यात आज गुरवांची वृद्ध आई राहते. तिचे अंथरूण ओसरीच्या भिंतीशी असते. मी परवा गेलो तेव्हा पाहिले. बाहेरच्या बाजूला त्याच भिंतीवर तो हिरवा रंग आहे, आणि त्याच भिंतीवर माझा प्लास्टिकचा कागद पाण्याने भरलेला आहे. बैठकीचा निर्णय काहीही होवो, त्या माउलीचे अंथरूण आज रात्रीपासून आतल्या खोलीत हलवावे, एवढे तरी माझे ऐकावे. माझ्या आईने मला भिंत वाळू दे म्हणून सांगितले होते, आणि मी ऐकले नव्हते. ती पुढे दोन वर्षांनी वार्धक्याने गेली, पण त्या भिंतीवरून तिने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. ते मला फार लागून राहिले आहे.

तिचेच शब्द आज मी आपल्यापुढे ठेवतो. भिंत वाळू द्या. मग रंग.



नाथसाहेबांच्या नावानं चांगभलं!